‘तब्येत सुधारली’ म्हणजे नेमकं काय? वजनाचा जगण्यावरचा परिणाम वेगवेगळ्या संस्कृतींत मोजण्याची रीत

बाळंतपण आटोपून माहेरहून परतलेल्या मुलीला शेजारीण म्हणते, ‘तब्येत सुधारली हो तुझी!’ अंगावर मास चढलं, हे कौतुक आहे. चार वर्षांनी त्याच मुलीला डॉक्टर सांगतात, ‘तब्येत सुधारायची असेल तर वजन उतरवा.’ शब्द तोच, अर्थ उलटा. आता अशी कल्पना करा की इंग्रजीतून आणलेल्या प्रश्नावलीत ‘गेल्या महिन्यात तुमची तब्येत सुधारली का?’ असा प्रश्न आहे. ज्यांचं वजन वाढलं त्यातल्या काहींनी ‘हो’ म्हटलं, ज्यांचा गुडघा दुखायचा थांबला त्यांनीही ‘हो’ म्हटलं. दोघांना सारखेच गुण मिळाले. संगणकाला यातलं काही कळत नाही, आणि अहवालात दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा छापून येतो.

सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, आहारतज्ज्ञ, वजनोपचार करणारे डॉक्टर आणि समाजशास्त्राचे अभ्यासक यांना हे काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या आकड्यापर्यंत करता यावं, म्हणून हा लेख आहे. प्रश्नावली परक्या भाषेतून मराठीत आणायची आणि मग दोन्ही समाजांचे गुण शेजारी ठेवायचे, हे उदाहरण सगळीकडे घेतलं आहे.

कोणती मोजपट्टी?

पहिला निर्णय असा: सर्वसाधारण जीवनगुणवत्ता मोजायची, की वजनामुळे तिच्यावर काय परिणाम झाला ते मोजायचं? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही 26 प्रश्नांची प्रश्नावली शरीर, मन, सामाजिक नाती आणि परिसर अशा चार अंगांनी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. तिची मूळ आवृत्ती जगातल्या 15 केंद्रांनी एकत्र मिळून घडवली, आणि त्यात दिल्ली व मद्रास ही दोन्ही केंद्रं होती. त्यामुळे भारतात ती बऱ्यापैकी रुळते. पण तिच्यात वजनाचा उल्लेखच नाही. वजन दहा किलोंनी उतरलं तरी तिचे गुण फारसे हलत नाहीत, कारण कर्ज, घर, नवऱ्याची नोकरी यांचं ओझंही त्याच गुणांत मिसळलेलं असतं.

वजनाशी थेट जोडलेल्या प्रश्नावल्यांत सर्वाधिक वापरली गेलेली म्हणजे आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट. रोनेट कोलोटकिन आणि सहकाऱ्यांनी 1995 साली आधी 74 प्रश्नांची मूळ आवृत्ती केली आणि 2001 साली ती 31 प्रश्नांवर आणली. पाच विभाग आहेत: शारीरिक हालचाल 11 प्रश्न, आत्मसन्मान 7, लैंगिक जीवन 4, चारचौघांतला त्रास 5, काम 4. प्रत्येक वाक्य वजनाला धरून, गेल्या आठवड्याबद्दल, ‘कधीच खरं नाही’ ते ‘नेहमी खरं’ अशा पाच पायऱ्यांवर. औषधचाचण्यांसाठी तिची 20 प्रश्नांची वेगळी आवृत्ती आहे, आणि 11 ते 19 वयाच्या मुलांसाठी 27 प्रश्नांची. दुसरी ओडब्ल्यूएलक्यूओएल: 17 प्रश्न, सोबत 20 लक्षणांची यादी. तिचे प्रश्न एका भाषेत लिहून मग अनुवादलेले नाहीत. अमेरिका आणि युरोपातल्या अनेक भाषांतल्या लोकांशी आधीच बोलून ते निवडले गेले. बहुसांस्कृतिक कामासाठी ही पद्धत मूळातच जास्त प्रामाणिक आहे. तरी तिच्यात आशियातल्या माणसाचा आवाज आपोआप येत नाही, हे लक्षात असू द्या.

आमचा सल्ला: एक वजनाची आणि एक सर्वसाधारण, अशा दोन्ही वापरा. दोन्ही मिळून साठेक प्रश्न होतात, अर्धा-पाऊण तास लागतो. त्यापुढे माणूस कंटाळतो आणि सरळ एकाच रांगेत खुणा करत सुटतो.

आणखी एक गोष्ट भारतात विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 25 किंवा त्याहून जास्त बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) असलेल्या स्त्रिया 24 टक्के होत्या, तर 18.5 पेक्षा कमी असलेल्या 18.7 टक्के. म्हणजे ‘माझ्या वजनामुळे मला दम लागतो’ असं म्हणणारी बाई अशक्तही असू शकते. वर सांगितलेल्या वजनाच्या प्रश्नावल्या जास्त वजनासाठी बनलेल्या आहेत. कमी वजनाच्या लोकांना त्या द्यायच्या असतील तर त्यांचे गुण वेगळे ठेवा. एकाच सरासरीत घालू नका.

अनुवादाच्या आधी लोकांशी बोला

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. प्रश्नावली हाती घेण्याआधी 20 ते 30 जणांच्या मोकळ्या मुलाखती घ्या. स्त्री-पुरुष, शहर-गाव, तिशीतले-साठीतले, असे सगळे त्यात हवेत. विचारायचं इतकंच: ‘वजनामुळे काय करताना अडतं? कुठं जायला नको वाटतं? कोण काय बोलतं?’ नवं काही निघेनासं झालं की थांबा. सहसा शेवटच्या तीन-चार मुलाखतींत तेच ते ऐकू येऊ लागतं.

अमेरिकी प्रश्नावलीत जे नसतं ते इथं निघतं. मांडी घालून बसणं आणि पंगतीतून उठणं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं. जेजुरी किंवा सप्तशृंगीच्या पायऱ्या. लोकलमधली चौथी सीट. शिंप्याकडे ब्लाउजचं माप देताना होणारी टिप्पणी. स्थळ पाहताना फोटो पाठवणं. ‘अजून एक पोळी घ्याच’ हा आग्रह आणि त्यानंतर त्याच तोंडून ‘किती सुटलीयेस’. या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मूळ प्रश्नावलीतला कोणता प्रश्न तिला झाकतो ते लिहा. ज्यांना जोडीदार सापडला नाही, त्या गोष्टी पुरवणी प्रश्न म्हणून शेवटी जोडा. मूळ 31 मध्ये घुसवू नका, नाहीतर जगाशी तुलना करण्याची वाटच बंद होते.

परवानगी आणि अनुवाद

या प्रश्नावल्यांवर हक्क राखीव असतात. हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्या आणि तुमच्या भाषेतली आवृत्ती आधीच झाली आहे का ते विचारा. असेल तर नवी करू नका. संस्थेच्या नैतिकता समितीकडच्या अर्जाची तयारीही आत्ताच सुरू करा, कारण समितीला प्रश्नावलीचा मराठी मसुदा आणि संमतिपत्र दोन्ही लागतं.

अनुवादाची सर्वमान्य रीत अशी. मराठी मातृभाषा असलेले दोन अनुवादक एकमेकांना न भेटता स्वतंत्र अनुवाद करतात. एक आरोग्यक्षेत्रातला, दुसरा त्याच्याशी संबंध नसलेला. दुसरा महत्त्वाचा, कारण पहिला ‘आत्मसन्मान’ लिहितो आणि दुसरा ‘स्वतःबद्दल काय वाटतं’ लिहितो. तिसरी व्यक्ती दोन्ही जुळवून एक मसुदा करते. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेला, इंग्रजी मातृभाषेसारखी येणारा माणूस तो मसुदा परत इंग्रजीत नेतो. फरक निघतात, समिती बसते आणि प्रत्येक निर्णय कारणासह वहीत नोंदवते. इतर भाषांतल्या आवृत्त्या होत असतील तर त्यांच्याशी ताळमेळ घालतात. मग लोकांवर चाचणी, दुरुस्ती, मुद्रितशोधन, अहवाल. घाई न करता तीन-चार महिने धरा.

उलट अनुवाद जुळला म्हणजे काम झालं, हा समज काढून टाका. ‘जीवनमान’ हा शब्द घ्या. उलट अनुवादात तो व्यवस्थित बसवून दाखवता येईल, पण मराठी माणसाला त्यातून पगार, घर, गाडी ऐकू येते. सहभागींच्या कागदावर तो नकोच. शीर्षकातही ‘तुमचं रोजचं जगणं’ असं साधं लिहा. ‘लठ्ठ’ हा शब्दही प्रश्नावलीतून हद्दपार करा. कागदच माणसाला टोचू लागला तर उत्तरं खरी येत नाहीत.

इंग्रजीतल्या लाजल्यासारखं होण्याच्या भावनेला मराठीत काय म्हणावं, इथं अनुवादक हमखास अडतात. ‘लाज वाटते’ म्हटलं तर हातून काही गैर घडल्याचा अर्थ येतो. ‘अवघडल्यासारखं होतं’ हे कानाला फार मराठी वाटतं, पण अंग अवघडणं हाही त्याचाच अर्थ. पाठ आखडलेला माणूस ‘नेहमी’वर खूण करतो आणि भावनेच्या विभागात दुखण्याचे गुण जमा होतात. शिवाय ‘अवघडलेली’ म्हणजे दिवस भरत आलेली. ‘ओशाळवाणं’ पुस्तकी झालंय. ‘चारचौघांत संकोच वाटतो’ हे बहुतेक ठिकाणी चालतं. पण विदर्भात, खानदेशात, कोकणात ते पुन्हा पारखून घ्या.

दुसरी अडचण मराठीच्या व्याकरणातली. ‘मी सहज उठू शकतो’ लिहिलं की बायका वगळल्या गेल्या. ‘शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ 31 ठिकाणी मारली की वाचणं जड होतं. उपाय भाषेतच आहे: ‘मला उठायला त्रास होतो’, ‘मला बसता येत नाही’. वाक्य ‘मला’वर आणलं की लिंगाचा प्रश्न मिटतो. मात्र ‘येत नाही’सारखी नकारार्थी वाक्यं आणि ‘कधीच खरं नाही’ हे उत्तर एकत्र आलं की दुहेरी नकार होतो, आणि थकलेला माणूस उलटी खूण करतो. शक्य तिथं ‘त्रास होतो’, ‘अडतं’, ‘दम लागतो’ अशी होकारार्थी रचना घ्या.

‘काम’ या विभागात तर मोठाच खड्डा आहे. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, दहा जणांचा स्वयंपाक करणारी, दुपारी शेतात जाणारी बाई सांगते, ‘नाही, मी घरीच असते.’ मग ती हे चार प्रश्न सोडून देते. विभागाच्या डोक्यावरच लिहा: ‘काम म्हणजे घरकाम, शेतकाम, मजुरी, धंदा किंवा नोकरी.’

बसण्याच्या जागा, अरुंद वाटा अशा प्रश्नांत वस्तू बदलावी लागली तर तिचं काम सारखं ठेवा: जागा लहान, अंग मोठं, आणि बघणारे लोक. एसटी किंवा रिक्षा चालेल. पण हीच मराठी प्रश्नावली न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांनाही द्यायची असेल तर रिक्षा तिथं नाही. अशा वेळी ‘गाडीतली किंवा सभागृहातली बसायची जागा’ असं लिहा. प्रत्येक बदल हक्कधारकांना कळवा.

उत्तरांच्या पाच पायऱ्या

‘क्वचित’, ‘अधूनमधून’, ‘कधीकधी’, ‘वरचेवर’, ‘बऱ्याचदा’, ‘पुष्कळदा’. यातलं कोणतं कुठं बसतं हे टेबलावर बसून ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने यासाठी साधी युक्ती वापरली, ती घरी करता येते. कागदावर नेमकी 100 मिलिमीटरची आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला ‘कधीच नाही’, उजव्या टोकाला ‘नेहमी’. असे पंधरा कागद, प्रत्येकावर मध्ये एक वेगळा शब्द. किमान 20 जणांना द्या आणि तो शब्द रेघेवर कुठं येईल तिथं फुली मारायला सांगा. पट्टीने मोजा, सरासरी काढा. 20 ते 30 मिमीमध्ये येणारा शब्द दुसरी पायरी, 45 ते 55 मधला तिसरी, 70 ते 80 मधला चौथी. दोन शब्द एकाच पट्ट्यात आले तर ज्याच्या फुल्या कमी विखुरल्या आहेत तो घ्या. छपाईची प्रत मोठी-लहान होऊन रेघ 97 मिमीची झाली तर मोजणी बिघडते, म्हणून प्रत्येक प्रतीवर पट्टी ठेवून बघा.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाण्याने भरत गेलेल्या पाच पेल्यांचं चित्र द्या: रिकामा ते काठोकाठ. हसरे-रडके चेहरे वापरू नका. ते ‘किती वेळा’ हे सांगत नाहीत, ‘कसं वाटतं’ हे सांगतात.

समजून घेण्याची चाचणी

मसुदा पाच ते आठ जणांपुढे ठेवणं ही किमान गरज. मराठीसारख्या पसरलेल्या भाषेत प्रत्येक भागातले मिळून 30 ते 40 जण घ्या. एकेका प्रश्नावर थांबायचं आणि विचारायचं: ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत मला सांगा.’ ‘“वजनामुळे” वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर काय आलं?’ ‘“बऱ्याचदा” म्हणजे आठवड्यातून किती वेळा?’

‘समजलं का?’ असं कधीही विचारू नका. समोरचा माणूस तुमचा मान ठेवायला ‘हो’ म्हणतो.

टोमण्यांच्या प्रश्नावर जास्त वेळ काढा. आपल्याकडे ‘जाड झालीस गं’ हे अनेकदा भेटीचं पहिलं वाक्य असतं आणि ते आत्याच्या तोंडून येतं. उत्तर देणारी व्यक्ती ते टोमण्यात धरते की मायेत? दोन्ही तऱ्हेची उत्तरं मिळाली तर प्रश्नात ‘घरच्यांनी किंवा बाहेरच्यांनी’ असं लिहायचं की नाही हे समितीने ठरवायचं. तीन किंवा अधिक जण एकाच जागी अडखळले तर शब्द बदला आणि नव्या माणसांवर पुन्हा चाचणी घ्या, त्याच माणसांवर नव्हे.

शरीराची मापं

इथं नवं सांगण्यासारखं थोडंच आहे, पण चुका रोजच्याच. वजन काटा सपाट, टणक फरशीवर, 0.1 किलोपर्यंत, रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून तपासा. उंची अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, 0.1 सेंमीपर्यंत, दोनदा. फरक 0.5 सेंमीपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. अंबाडा सोडायला सांगा. कंबरेचा घेर शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर. साडीवरून घेर मोजू नका. निऱ्या आणि परकराची गाठ काही सेंमी वाढवतात. म्हणूनच मोजायला बाई आणि आडोसा हवा.

उंची विचारून लिहू नका. 62 किलो वजन आणि 152 सेंमी उंची असेल तर बीएमआय 26.8 येतो. तिनं अंदाजे 155 सांगितली तर 25.8. पूर्ण एक अंक गेला. हाच 26.8 जागतिक निकषांनुसार ‘जास्त वजन’ आहे, कारण तिथं स्थूलता 30 पासून सुरू होते. पण भारतीय तज्ज्ञांच्या 2009 च्या सहमतीनुसार 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता. म्हणजे ही बाई एका तक्त्यात एका गटात आणि दुसऱ्यात दुसऱ्या. अमेरिका-भारत तुलना करताना गट पाडूच नका. बीएमआय सलग आकडा म्हणून वापरा आणि सोबत कंबरेचा घेर ठेवा.

घरोघरी जाऊन विचारताना

क्रम पक्का ठेवा: आधी प्रश्नावली, मग वजन. काट्यावरचा आकडा पाहून कोमेजलेल्या माणसाची पुढची उत्तरं खाली जातात.

एकांत मिळवा. सासू दाराशी बसली असेल तर सुनेचे आत्मसन्मानाचे गुण तिच्या हजेरीचे असतात. लैंगिक जीवनाचे चार प्रश्न तोंडी विचारू नका. ते वेगळ्या कागदावर, लिफाफ्यासह द्या. वाचता येत नसेल तर त्याच लिंगाच्या मुलाखतकर्त्याने विचारावं. ‘लागू नाही’ आणि ‘उत्तर द्यायचं नाही’ हे दोन स्वतंत्र चौकोन हवेत. विधवा, अविवाहित, नवरा परगावी असलेली आणि न सांगणारी या चौघींना एकाच रिकाम्या जागेत टाकलं की पुढं काहीच उलगडत नाही.

‘गेला आठवडा’ कोणता होता तेही लिहून ठेवा. गौरी-गणपतीत पुरणपोळ्यांचा घाणा आणि पाहुण्यांच्या रांगा, श्रावणात उपास, लग्नसराईत साड्यांची खरेदी. अशा आठवड्यांत हालचाल आणि लोकांच्या नजरा दोन्ही बदलतात. एका गटाची माहिती दिवाळीत आणि दुसऱ्याची जूनमध्ये घेतली तर फरक सणाचा निघतो.

कोणी खोल निराशा बोलून दाखवली तर प्रश्नावली तिथंच ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक आणि जवळच्या समुपदेशकाचा पत्ता प्रत्येक मुलाखतकर्त्याच्या खिशात असलाच पाहिजे.

गुण देणं

आयडब्ल्यूक्यूओएल-लाइटचे गुण 0 ते 100 मध्ये बदलतात, 100 म्हणजे वजनाचा त्रास नाही. सूत्र सोपं: 5 मधून उत्तरांची सरासरी वजा करा, 4 ने भागा, 100 ने गुणा. सगळ्या 31 उत्तरांची बेरीज 80 असेल तर सरासरी 2.58, गुण 60.5. तीन प्रश्न सुटले, 28 उत्तरांची बेरीज 70, तर सरासरी 2.5 आणि गुण 62.5. विभागाचे गुण काढायला त्यातली निम्मी उत्तरं हवीत, एकूण गुणांसाठी तीन चतुर्थांश, म्हणजे 24. दिशेची चूक फार होते: कोणीतरी सूत्र उलटं लावतं आणि स्थूल माणसांचं जगणं सर्वांत सुखी निघतं. आधी पाच कागदांचे गुण हाताने काढून संगणकाशी जुळवा.

मोजपट्टी धरते का?

प्रत्येक प्रश्नामागे सात माणसं असा हिशेब ठेवला तर 31 प्रश्नांसाठी 217. गळती 15 टक्के धरा, म्हणजे 256 जणांपाशी जा. हा आकडा एका भाषागटाचा आहे, दोन्हींचा मिळून नाही.

क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) विभागवार काढा, एकत्र नव्हे. 0.70 च्या वर गटांसाठी पुरे. 0.95 च्या वर गेला तर आनंद मानू नका, बहुधा तेच ते पुन्हा विचारलं जातंय. किमान 50 जणांना, जमल्यास 100 जणांना, दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या. त्या दिवशी पुन्हा वजन करा आणि ‘मधल्या काळात काही बदललं का’ हे विचारा. ज्यांचं बदललं त्यांना या गणितातून बाहेर ठेवा.

समजा प्रमाण विचलन (गुण किती विखुरले आहेत) 18 आणि दोन वेळच्या गुणांचा आंतरवर्गीय सहसंबंध (ते एकमेकांशी किती जुळतात) 0.88 आला. मोजमापातली चूक म्हणजे 18 गुणिले 0.12 (1 वजा 0.88) चं वर्गमूळ, सुमारे 6.2 गुण. एका माणसात खरा बदल म्हणायला या चुकीच्या 2.77 पट, म्हणजे 17 गुणांहून अधिक हवेत. मूळ इंग्रजी आवृत्तीत रुग्णाला जाणवणारी सुधारणा, सुरुवातीचे गुण किती होते त्यानुसार, 7.7 ते 12 गुणांची धरतात. याचा अर्थ, समोर बसलेल्या एका रुग्णाचे गुण 10 ने वाढले तर ते मोजणीच्या चुकीतही येऊ शकतं. शंभर जणांच्या सरासरीत मात्र ते स्पष्ट दिसेल. दवाखान्यात हा फरक सांभाळला जात नाही, आणि रुग्णाला खोटी खात्री दिली जाते.

15 टक्क्यांहून जास्त लोक एकाच टोकाला, पूर्ण 100 वर, जमले तर तो विभाग तुमच्या लोकांना पुरत नाही. कामाच्या विभागात हे फार होतं. वर सांगितलेला ‘घरीच असते’चा खड्डा आधी तपासा.

दोन संस्कृती शेजारी ठेवताना

पुण्याची सरासरी 78, परदेशातली 70, म्हणून पुणेकरांना वजनाचा त्रास कमी, असं लगेच म्हणता येत नाही. तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली: दोन्हीकडे प्रश्न त्याच पाच विभागांत गोळा होतात का? दुसरी: प्रत्येक प्रश्नाचं आपल्या विभागाशी नातं सारखंच घट्ट आहे का? तिसरी: त्रास सारखा असताना उत्तरही सारखं येतं का? तिसरी पायरी चढल्याशिवाय सरासरींची तुलना करायची नाही. दर पायरीला सीएफआय (उत्तरं या मांडणीत किती नीट बसतात त्याचं माप) 0.01 पेक्षा जास्त घसरला तर थांबा आणि कोणता प्रश्न पाय ओढतोय ते शोधा. त्यासाठी दोन्ही गटांत प्रत्येकी 200 लोक हवेत. बहुतेक वेळा आत्मसन्मान आणि लैंगिक जीवनाचे प्रश्न अडतात, हालचालीचे धरून राहतात. तसं झालं तर हालचालीची तुलना छापा आणि बाकीची रोखा. अर्धी खरी तुलना पूर्ण खोट्या तुलनेपेक्षा कामाची.

आणखी एक हत्यार म्हणजे काल्पनिक माणसं. छोटे परिच्छेद लिहा, जसे: ‘एका बाईला दोन जिने चढल्यावर थांबावं लागतं, बाकी ती सगळं करते.’ ‘एका पुरुषाला खाली बसून जेवता येत नाही, म्हणून तो लग्नाला जात नाही.’ सगळ्यांना विचारा, या माणसाला किती त्रास आहे? त्याच बाईला एका समाजाने ‘थोडा’ आणि दुसऱ्याने ‘खूप’ म्हटलं, तर फरक उत्तर देण्याच्या सवयीत आहे, आणि तेवढा तो वजा करता येतो.

विश्लेषण करताना वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब जरूर ठेवा. गुडघेदुखी आणि मधुमेह मात्र डोळे मिटून वजा करू नका. वजनाचा त्रास त्यांच्याच वाटेने जगण्यात उतरतो. ते वजा केले की वजनाचा परिणाम कागदावरून नाहीसा होतो, माणसाच्या गुडघ्यातून होत नाही.

संस्कृती स्थिर आहे असं धरूनही चालत नाही. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात भरदार शरीराचं कौतुक होतं आणि भरपूर खाऊ घालणं ही माया होती. 1995 साली तिथं दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना खाण्याविषयीच्या वृत्तींची तीच प्रश्नावली त्या वर्षी आणि पुन्हा 1998 साली दिली. खाण्याच्या विकाराचा धोका दाखवणारे गुण मिळालेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या आणि गट साठ-पासष्टचे, त्यामुळे आकडा जपून वाचायचा. तरी दिशा स्पष्ट होती. अलेक्झांड्रा ब्रुइस आणि सहकाऱ्यांनी 2011 साली अमेरिकन सामोआ, पोर्तो रिको, पॅराग्वे, टांझानियासह दहा ठिकाणची तुलना छापली. पूर्वी भरलेलं अंग मानाचं समजणाऱ्या समाजांतही जाडपणाला नावं ठेवणं पसरलेलं दिसलं. म्हणून जुन्या आवृत्तीची पात्रता दहा-बारा वर्षांनी पुन्हा तपासा. ‘खात्यापित्या घरची’ हे कौतुक ज्या आजीला कळतं, तिच्या नातीला ते टोमण्यासारखं लागतं, आणि दोघी एकाच घरात तुमचा तोच कागद भरत असतात. त्यांची उत्तरं वयोगटानुसार वेगळी काढून बघा. तिथं प्रश्न वेगळा वाचला जात असेल, तर आधी मराठीतल्या मराठीतच वरच्या तीन पायऱ्या चढा. परदेशाशी तुलना त्यानंतर.

अहवालात गुणांच्या तक्त्यासोबत हे जोडा: बदललेल्या प्रत्येक शब्दाची यादी, नाकारलेले पर्याय आणि त्यांची कारणं, 100 मिमी रेघेवरच्या सरासऱ्या, मुलाखती तोंडी की लेखी, कोणत्या महिन्यात, किती जणींनी कोणता प्रश्न सोडला आणि कोणत्या चौकोनात खूण करून सोडला.